कापडाच्या गावात लोकर बेवारस

दख्खनी मेंढीच्या लोकरीतूनच उभारलेल्या 'देसी ऊन' या अ‍ॅनिमेशनपटाने २०२५ मध्ये फ्रान्समधल्या आनसी महोत्सवात पुरस्कार पटकावला. पाठोपाठ संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेले २०२६ हे कुरणे आणि पशुपालकांचे वर्षही उजाडले. धनगराच्या घोंगडीला कागदावर इतके बरे दिवस क्वचितच आले असतील.

भाताची कापणी उरकली की नाशिक-नगरकडचे मेंढपाळ घाट उतरून पालघरच्या खाचरांत कळप बसवतात. शेताला लेंडीखत मिळते, मेंढपाळाला धान्य किंवा रोख. हा व्यवहार अजून टिकून आहे. बसला तो लोकरीचा. तोही अशा जिल्ह्यात, जिथे तारापूर-बोईसरच्या कारखान्यांतून कृत्रिम धाग्याचे कापड निघते.

घोंगडी मुळात दोन हातांची. कळप राखणारा वेगळा, विणणारा सनगर किंवा खुटेकर धनगर वेगळा. मेंढ्या वर्षातून दोनदा कातरायच्या, लोकर पिंजायची, बायकांनी चरख्यावर सूत काढायचे. चिंचोके शिजवून केलेली खळ ताण्याला लावायची, मग खड्ड्यातल्या मागावर विणायचे. कोकराच्या पहिल्या कातरणीची जावळाची घोंगडी सर्वांत मऊ, म्हणून महाग. बाकीची टोचते, आणि ती टोचणारच! दख्खनी लोकर भरड आहे. मेरिनोशी तिची तुलना करण्यात अर्थ नाही. पण भिजली तरी ती ऊब सोडत नाही, शिवाय काळ्या मेंढीमुळे रंगाचा थेंबही लागत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या औद्योगिक प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिले आले होते, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

मग घोडे अडले कुठे? उत्तर फलटणला सापडते. इरावती कर्वे यांचे जावई बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये तिथे कृषी संशोधन संस्था काढली. सुंदरबनातल्या चिमुकल्या गरोळ मेंढीत एका वेताला एकाहून अधिक कोकरे देणारे जनुक असते. संस्थेने ते दख्खनी मेंढीत आणले आणि 'सुवर्णा' घडवली. काम अव्वल दर्जाचे, मेंढपाळाच्या हिशेबाला धरून. पण तो हिशेब मटणाचा! जतची उंचीपुरी माडग्याळ मेंढी भाव खाते तीही अंगापिंडावर, लोकरीवर नव्हे. मेंढीमागे वर्षाकाठी जेमतेम अर्धा-एक किलो लोकर. त्यातून कातरणाऱ्याची मजुरी सुटली तरी पुष्कळ. तिकडे पानिपतचे स्वस्त ब्लँकेट गावच्या बाजारात पोहोचलेले. पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर भक्तिभावाने उधळली जाते. एरवी ती रानात टाकून दिली जाते, कारण गिऱ्हाईक नाही.

शहरी प्रदर्शनांत घोंगडीच्या पिशव्या आणि सोफ्यावरची पांघरुणे मांडली की प्रश्न सुटला, असे समजणाऱ्यांची गंमत वाटते. त्यातून मोजके माग चालतील, कळपांची लोकर खपणार नाही. भरड लोकरीला भरड कामच शोभते: जाजम, नमदा, भिंती-छपरात उष्णतारोधक थर. त्यासाठी लोकर गोळा करणारे, गोखरू-कुसळे काढून धुणारे, प्रतवारी लावणारे केंद्र कळपांच्या वाटेवर हवे. बोईसरला रेल्वे आहे, शेड आहेत, धागा ओळखणारे कामगारही आहेत. नाही ती मेंढपाळाला कातरणीच्या दिवशीच रोख मोजणारी खरेदी.