लोण्यात किती?

ठाण्या-डोंबिवलीत आपण दुधाची पिशवी तारीख बघून घेतो. पण किरणोत्सर्ग दिसतो थोडाच? २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली आणि पुढे आपल्याकडे आलेल्या आयरिश लोण्याचा वाद कोर्टात गेला. १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तज्ज्ञांच्या मतावरून ते सुरक्षित मानलं.

हे ठरवतात कसं? समजा, किलोभर लोण्यात १०० बेकरेल सीझियम-१३७ आहे. वर्षात ५ किलो खाल्लं, तर मोठ्या माणसाला सुमारे साडेसहा मायक्रोसिव्हर्ट. निसर्गातूनच जगात सरासरी २४०० मिळतात.

मुलांचा हिशेब मात्र वेगळा. अपघातानंतर पहिल्या काही आठवड्यांत दुधात आयोडीन-१३१ असेल, तर त्यांच्या थायरॉइडला जास्त धोका. म्हणून मैत्रिणींनो, नुसतं ‘सुरक्षित आहे’ ऐकून थांबू नका. ‘किती आहे, आणि माझ्या बाळासाठी किती?’ हेही विचारा.