यंत्र रात्री आवाज करते? ते बंद करू नका, कारण शोधा

घोरणे म्हणजे गाढ झोप, अशी आपल्याकडे समजूत आहे. दिवसभर राबलेला माणूस घोरणारच, असे म्हणून घरचे कूस बदलतात. पण काहींचे घोरणे मध्येच थांबते. काही क्षण श्वास ऐकूच येत नाही आणि मग माणूस गुदमरल्यासारखा दचकून श्वास घेतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते आणि दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास अडतो, तेव्हा असे होते. तासाभरात हे ३० किंवा अधिक वेळा घडले तर डॉक्टर आजार तीव्र मानतात. त्यातून रक्तदाब वाढतो आणि दिवसा डोळे मिटू लागतात. स्टिअरिंगवर बसणाऱ्या किंवा कारखान्यात यंत्रावर उभ्या असणाऱ्या माणसाच्या तर हे जिवावर बेतू शकते.

यावर सीपॅप नावाचे यंत्र मिळते. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून हा उपचार जगापुढे मांडला. यंत्र नळीवाटे मास्कमध्ये हलक्या दाबाची हवा सोडते आणि घशाची वाट उघडी ठेवते. मात्र ते रोज, रात्रभर वापरले तरच गुण येतो. अनेक घरांत हप्त्यावर घेतलेले हे यंत्र महिन्याभरात माळ्यावर जाते. एका खोलीत सगळे कुटुंब झोपते, मुलांच्या परीक्षा असतात, बाबांना पहाटेची पाळी असते. आवाजाने सगळ्यांची झोपमोड होते किंवा मध्यरात्री नळीतले पाणी तोंडावर येते. या दोन्ही तक्रारींवर बहुतेक वेळा घरच्या घरी उपाय करता येतो.

आवाज कुठून येतो?

अलीकडची यंत्रे फार आवाज करीत नाहीत. आवाज वाढला तर आधी तो कुठला, हे कान देऊन ओळखा.

मास्कच्या पुढच्या बारीक छिद्रांतून सतत फुसफुस येणे हा दोष नाही. श्वासातून सोडलेली हवा तिथून बाहेर जाते. आवाज नको म्हणून ती छिद्रे चिकटपट्टीने बुजवण्याचा प्रकार कधीही करू नका. सोडलेलाच श्वास पुन्हा आत घ्यावा लागेल.

शिट्टीसारखा आवाज मास्कच्या कडेने येत असेल तर हवा गळते आहे. पट्टे करकचून आवळले की मास्कची गादी दुमडते आणि गळती उलट वाढते. पट्टे सैल करा, यंत्र सुरू ठेवून आडवे व्हा आणि झोपण्याच्याच स्थितीत मास्क नीट बसवा. चेहऱ्याला तेल किंवा क्रीम असेल तर धुवून टाका. गादी कडक झाली असेल तर बदला.

मास्क ठीक असेल तर नळी तपासा. मास्क काढून यंत्र सुरू ठेवा, नळीचे तोंड तळहाताने बंद करा आणि नळीला कान लावा. सूं असा आवाज आला तर तिथे चीर आहे.

यंत्रच घरघरत असेल तर बहुधा फिल्टर धुळीने भरलेला असतो. तो दर आठवड्याला पाहा. धुण्याजोगा असेल तर धुवून पूर्ण वाळवा, नसेल तर नवा घाला. डासांची उदबत्ती, अगरबत्ती, स्टोव्ह यांचा धूर यंत्राजवळ नको. लोखंडी कपाटावर किंवा डुगडुगणाऱ्या स्टुलावर ठेवलेले यंत्रही घुमते. त्याच्याखाली रबराचा तुकडा घाला, पण हवा आत घेण्याची जागा मोकळी ठेवा आणि यंत्रावर चादर टाकू नका.

नळीत पाणी का साठते?

नळीतून गुडगुड आवाज आला तर आत पाणी आहे, असे समजा. नाक-घसा कोरडा पडू नये म्हणून बऱ्याच यंत्रांत पाण्याची लहान टाकी असते. तिथली उबदार, ओलसर हवा गार नळीतून जाताना तिचे थेंब होतात. भाताच्या पातेल्यावरचे झाकण उचलले की आतून पाणी गळते, तोच हा प्रकार. म्हणून नागपूरकडच्या थंडीत, कूलर किंवा पंख्याच्या थेट झोतात हा त्रास अधिक होतो.

उपाय सोपे आहेत. ओलाव्याचा आकडा एकेक घराने कमी करा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा तो अगदी कमी ठेवूनही भागते. नळीला जुन्या साडीचे किंवा सुती कापडाचे लांबट खोळ शिवा, किंवा नळी पांघरुणाखालून घ्या. पंख्याचा झोत वळवा. शक्य असेल तर तापणारी नळी मिळते का, ते विचारा. यंत्र डोक्यापेक्षा खालच्या पातळीवर ठेवा, म्हणजे थेंब उलट टाकीकडे जातील. फळीवर यंत्र आणि खाली झोपणारा माणूस, अशी मांडणी असेल तर पाणी मास्ककडेच उतरणार. जमिनीवर झोपत असाल तर जाड गादी घाला आणि यंत्र शेजारी पाटावर ठेवा.

हवेच्या दाबाचा आकडा मात्र स्वतः बदलू नका. तो डॉक्टरांनी तपासणीवरून ठरवलेला असतो.

रोजची निगा

टाकीत डिस्टिल्ड पाणी भरावे. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातील क्षारांचा पांढरा थर बसतो. गॅरेजवर मिळणारे बॅटरीचे पाणी वापरू नये. सकाळी उरलेले पाणी ओतून द्या, टाकी सौम्य साबणाने धुवून वाळवा. मास्कची गादी रोज पुसा, नळी आठवड्यातून एकदा धुवून सावलीत लटकवा. फिनेल किंवा ब्लीच नको. टाकी भरलेली असताना यंत्र हलवू नका, पाणी मोटरीत शिरते. रात्री वीज गेली तर मास्क काढून ठेवा.

जुने यंत्र घेताना

स्वस्तात मिळाले म्हणून कुणाचे वापरलेले यंत्र घेत असाल तर त्याचे मॉडेल व बनावटीची तारीख पाहा. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने २६ एप्रिल २०२१ पूर्वी बनवलेली आपली अनेक मॉडेल्स परत मागवण्याचे जाहीर केले. आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेल्या फोमचे कण सुटून श्वासात जाण्याचा धोका त्यात आढळला होता. नळीत काळे कण दिसले, जळका वास आला किंवा यंत्र एकाएकी मोठ्याने वाजू लागले, तर डॉक्टरांना व विक्रेत्याला लगेच कळवा.

एवढे करूनही त्रास राहिला तर यंत्र पिशवीत घालून दवाखान्यात न्या आणि तक्रार नेमकी सांगा: शिट्टी की घरघर, पाणी किती वाजता येते, पंखा कुठे आहे. घरातल्या बायाबापड्यांनीही ‘तुमच्या यंत्राने झोप उडते’ असे म्हणून कर्त्या माणसाला लाजवू नये. आवाज कुठून येतो ते शोधायला त्याला मदत करावी. शेजारी झोपणाऱ्यालाच तो आधी ऐकू येतो.