रिपोर्टात स्यूडोमोनास, रक्तात दुसराच

वणी-दिंडोरीकडे पावसाळ्यात चिखल तुडवल्याशिवाय शेतीचं काम होत नाही. टाचेला भेगा, अंगात मधुमेह आणि पंधरा दिवस न हटणारा ताप, असा एखादा शेतकरी नाशिकला दाखल झाला की त्याचं रक्त कल्चरला जातं. रिपोर्टवर ‘स्यूडोमोनास’ आलं की औषधंही त्याच हिशेबाने लिहिली जातात. मात्र मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहणारा बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय हा जीवघेणा जंतू नेमका याच नावाखाली खपून जातो. त्याच्यामुळे होणारा आजार म्हणजे मेलिऑयडोसिस.

ओळखीचा हा घोळ जुनाच. १९११ साली रंगूनमध्ये आल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी यांना हा जंतू सापडला, तेव्हा तो घोड्यांच्या ग्लँडर्सच्या जंतूसारखाच दिसत होता. फरक इतकाच, की ग्लँडर्सचा जंतू जागचा हलत नाही, हा हलत होता. भारतातला पहिला रुग्ण १९९१ मध्ये मुंबईतून नोंदवला गेला. २०१६ च्या एका अभ्यासाने जगभरात वर्षाला सुमारे १ लाख ६५ हजार रुग्ण आणि ८९ हजार मृत्यूंचा अंदाज बांधला.

स्वयंचलित यंत्रं या जंतूला कधी बर्कहोल्डेरिया सेपेशिया ठरवतात, कधी आणखी काही. कल्चरच्या ब्लड अगार प्लेटवर दुसऱ्या दिवशी दिसतात ते साधे गुळगुळीत ठिपके. ते कोरडे पडून सुरकुततात तीन-चार दिवसांनी, आणि तोवर प्लेट बहुधा टाकून दिलेली असते. (प्लेट हुंगायची जुनी खोड इथे अंगाशी येऊ शकते, कारण हा जंतू श्वासातूनही शिरतो.)

गंमत म्हणजे महागड्या यंत्राला जे जमत नाही, ते औषधांच्या साध्या चकत्या सांगून जातात. खरा स्यूडोमोनास को-अमॉक्सिक्लॅवला दाद देत नाही, जेंटामायसिन आणि कोलिस्टिनला मात्र सहसा देतो. स्यूडोमॅलिआयचं बरोब्बर उलटं. असा उलटा रिपोर्ट हातात पडल्यावर ‘चकती खराब असेल’ म्हणून पुढे जाणं मला तरी अक्षम्य वाटतं.

कारण उपचारच वेगळे. सेफ्टाझिडाइम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान दहा ते चौदा दिवस, त्यानंतर को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या निदान तीन महिने. ‘स्यूडोमोनास’ समजून आठवड्याभरात इंजेक्शनं थांबवली तर आजार उलटतो. याच आजाराचा फुप्फुसावरचा डाग क्षयाचा समजला गेला, तर रुग्ण महिनोन्‌महिने भलत्याच गोळ्या घेत राहतो.