रक्ताची आठवण

रक्तगट जुळला म्हणजे रक्त जुळले, अशी गोदाकाठी जमलेल्या आपणा बहुतेकांची समजूत असते. जन्मात एकदा रक्त घेणाऱ्याचे या समजुतीवर बहुधा निभावते. थॅलसेमियाच्या मुलाला मात्र दर २ ते ४ आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. तेथे ती अपुरी पडते.

ए, बी व ओ हे गट कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली व्हिएन्नात दाखवून दिले. ए गटाच्या माणसाच्या रक्तात बी-विरोधी प्रतिपिंडे लहानपणापासूनच असतात. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी उजेडात आणलेल्या 'बॉम्बे' रक्तगटाची गोष्टही तशीच. त्या माणसांच्या पेशींवर एच हा पायाचा प्रतिजनच नसतो. म्हणून पूर्वी कधी रक्त घेतलेले नसले तरी त्यांना ओ गटाचे रक्तदेखील चालत नाही.

आम्हांला सांगावयाचे आहे ते दुसऱ्या जातीच्या प्रतिपिंडांविषयी. ती उपजत नसतात, कमावलेली असतात. तांबड्या पेशीवर आर्‌एच, केल, डफी, किड अशा आणखी कितीतरी खुणा असतात. दात्याच्या पेशीवरची एखादी खूण रुग्णाच्या पेशीवर नसेल, तर त्याचे शरीर तिला परकी ठरवते आणि काही आठवड्यांत तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे घडवते. सर्वांच्याच बाबतीत असे होत नाही, हे सुदैव. स्त्रियांच्या बाबतीत गर्भाच्या पेशींमुळेही हे घडू शकते.

खरी फसगत पुढेच आहे. ही प्रतिपिंडे काही महिन्यांत विरळ होतात. किडविरुद्धची तर याबाबत कुप्रसिद्धच! समजा, सुरगाण्याच्या पाड्यावरचा सिकलसेलचा एक मुलगा आहे. गेल्या वर्षी एका रक्तपेढीत त्याची प्रतिपिंडे सापडली. यंदा तो दुसरीकडे गेला. चाचणी स्वच्छ आली, रक्त चढले, पोरगा घरी परतला. पण शरीर विसरलेले नसते. बहुधा ५ ते १० दिवसांनी डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, चढवलेले रक्त जिरून जाते. घरची माणसे म्हणतात, मूळ आजारच उलटला. रक्तावर संशय कोण घेणार? ते चढून तर आठवडा लोटलेला असतो!

१९४५ सालापासून अशी प्रतिपिंडे शोधण्यासाठी कूम्ब्स चाचणी उपलब्ध आहे. पण विरून गेलेले प्रतिपिंड तीही दाखवू शकत नाही. ते ठाऊक असते फक्त जुन्या कागदाला. तेव्हा प्रतिपिंड सापडल्याची रक्तपेढीची चिठ्ठी शिधापत्रिकेइतकी जपावी, आणि नव्या ठिकाणी रक्त घेण्याआधी न विचारताही दाखवावी.

ज्यांना वरचेवर रक्त लागणार, त्यांच्या पेशींवरच्या या खुणा पहिली पिशवी चढण्याआधीच तपासून घेता येतात. निदान आर्‌एच व केल जुळवून रक्त दिले, तर नवी प्रतिपिंडे कमी घडतात. एकदा परके रक्त मिसळले, की त्याच साध्या चाचणीत दात्याच्या पेशी कोणत्या आणि रुग्णाच्या कोणत्या, हे ओळखणे कठीण होऊन बसते.