वीज गेल्यावरची ऊब: धूर जाळणारी शेगडी

थंड देशांत घर उबदार ठेवण्याचे काम आता बहुतेक ठिकाणी वीज, नैसर्गिक वायू किंवा तेल करते. पण तळघरातली भट्टी वायूवर चालत असली तरी तिचा पंखा आणि तापमान-नियंत्रक विजेवरच चालतात. त्यामुळे तारा तुटल्या की वायू येत असूनही घर गार पडते. हीट पंपाचे तर विजेवाचून पानच हलत नाही. अशा वेळी आधार असावा म्हणून दिवाणखान्यात लाकडाची बंद शेगडी बसवण्याची रीत उत्तर अमेरिकेत आणि उत्तर युरोपात आजही टिकून आहे. शेगडीचा ओतीव लोखंडाचा किंवा पोलादाचा सांगाडा जुन्या वळणाचा दिसतो, पण गेल्या चाळीस वर्षांत तिचा आतला भाग पार बदलला आहे.

तिची गरज किती खरी आहे हे जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने अनुभवले. पाच-सहा दिवस पडलेला पाऊस तारांवर आणि झाडांवर जागच्या जागी गोठत गेला आणि त्या भाराने विजेचे मनोरेच्या मनोरे कोसळले. जलविद्युत स्वस्त असल्यामुळे तिथली बहुतेक घरे विजेवरच तापतात. लाखो लोक ऐन हिवाळ्यात अंधारात आणि गारठ्यात सापडले, आणि माँट्रियालच्या दक्षिणेकडील काही गावांत वीज यायला महिनाभर लागला. ज्यांच्या घरी लाकडाची शेगडी आणि सरपण होते, त्यांना निदान एका खोलीत राहता आले, शेगडीच्या माथ्यावर अन्नही शिजवता आले.

शेगडीची सुधारणा समजण्यासाठी लाकूड जळते कसे हे आधी पाहिले पाहिजे. ओंडका तापला की प्रथम त्यातले पाणी वाफ होऊन जाते. मग लाकूड विघटित होऊन त्यातून ज्वलनशील वायू आणि डांबरी वाफा निघतात, आणि मागे कोळसा उरतो. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे चार-पंचमांश भाग असा वायुरूपाने निघून जातो. लाकडातली निम्म्याहून अधिक उष्णता त्यातच असते. हे वायू पुरते जळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान आणि पुरेशी हवा लागते. यातले एक जरी कमी पडले तरी ते धूर होऊन धुराड्यातून निघून जातात. म्हणजे धूर हे वाया गेलेले इंधनच होय.

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत लाकडाच्या शेगड्यांची मागणी एकदम वाढली. त्या काळच्या घट्ट झाकणाच्या शेगड्यांत रात्री ओंडके भरायचे आणि हवेची झडप जवळजवळ बंद करायची, की विस्तव सकाळपर्यंत धुमसत राही. सोय मोठी होती, पण धुमसण्याने धूर भरमसाट होई आणि धुराड्यात क्रिओसोट नावाचा चिकट थर साचे. या थराने पेट घेतला की धुराडे आतून धडाडून पेटते, आणि कित्येक घरे अशा आगीत गेली आहेत. तासाला १५ ते ३० ग्रॅम सूक्ष्म कण सोडणाऱ्या या शेगड्यांनी हिवाळ्यात दऱ्याखोऱ्यांतल्या गावांची हवा बिघडवली. ओरेगॉन राज्याने आधी आणि १९८८ मध्ये अमेरिकेच्या संघीय पर्यावरण संस्थेने नव्या शेगड्यांवर मर्यादा घातली. २०२० पासून ती तासाला २ ग्रॅमवर आली आहे. ओंडक्यांनी चाचणी केल्यास २.५ ग्रॅम चालतात.

ही मर्यादा गाठण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात ज्वलनकक्षाला आगविटांचे अस्तर असते आणि वर व्हर्मिक्युलाइटचा आडपडदा. त्यामुळे उष्णता कक्षातच कोंडते आणि वायूंना वळसा घालून जावे लागते. छताखालच्या भोके पाडलेल्या पोलादी नळ्यांतून आधीच तापलेली हवा त्यांच्यावर सोडली जाते, आणि धूर तिथेच पेट घेतो. दारावरच्या सिरॅमिक काचेतून ओंडक्यांच्या वर हवेतच नाचणाऱ्या ज्वाळा दिसतात. त्या दिसल्या की धूर जळतो आहे असे समजावे. दुसऱ्या मार्गात मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असलेला उत्प्रेरक बसवतात. त्यावरच्या पॅलेडियम-प्लॅटिनमच्या मुलाम्यामुळे धूर सुमारे २६० अंशांनाही जळतो आणि विस्तव मंद ठेवता येतो. मात्र उत्प्रेरकाची निगा राखावी लागते आणि काही वर्षांनी तो बदलावा लागतो. रोज शेगडीवरच विसंबणाऱ्याला उत्प्रेरक परवडतो. वर्षातून मोजके दिवस पेटवणाऱ्याला नळ्यांची साधी रचनाच बरी. लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारी पेलेट शेगडी स्वच्छ जळते खरी, पण तिचा पंखा आणि इंधन ढकलणारा मळसूत्री दांडा विजेवर फिरतो. बॅटरीची सोय नसेल तर आणीबाणीत तिचा उपयोग नाही.

धूर जाळणाऱ्या या शेगड्या लाकडातली साधारण ७० ते ८० टक्के उष्णता खोलीला देतात. भिंतीतल्या उघड्या शेकोटीत बहुतेक ऊब धुराड्यातून निघून जाते. चांगले वाळलेले एक किलो लाकूड सुमारे ४ युनिट उष्णता देते. दहा किलोच्या एका भरणीतून खोलीला तीसेक युनिट मिळाले, तर आठ तासांची रात्र जवळजवळ पावणेचार किलोवॉटच्या हीटरइतक्या उबेत निघते. घराच्या मानाने फार मोठी शेगडी घेणे ही नेहमीची चूक आहे. खोली तापते म्हणून झडप बंद केली जाते आणि पुन्हा धुमसणे सुरू होते.

यंत्र कितीही सुधारले तरी सरपण ओले असेल तर सगळे व्यर्थ. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. ते २० टक्क्यांच्या खाली यावे लागते. त्यासाठी ओंडके फोडून, वर छप्पर आणि बाजूंनी वारा ठेवून रचावे लागतात. मेपल वर्षभरात वाळतो, ओकला दोन वर्षे लागतात. ओंडका नव्याने फोडून त्या ताज्या बाजूवर आर्द्रतामापकाचे टोक लावले की खरे काय ते कळते. धुराडे शक्यतो घराच्या आतून, दुहेरी भिंतीच्या उष्णतारोधक पोलादी नळीचे असावे. ते उबदार राहिले की ओढ चांगली धरते आणि क्रिओसोट कमी साचतो. वर्षातून एकदा ते झाडून घ्यावे आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी बॅटरीवरची घंटा घरात असावी. राखेतले निखारे कित्येक दिवस जिवंत राहतात, म्हणून राख झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून घराबाहेर ठेवावी.

तरीही दाट वस्तीत ही शेगडी रोज पेटवणे योग्य नाही. उत्तमातली उत्तम शेगडीसुद्धा वायूच्या भट्टीपेक्षा कितीतरी अधिक सूक्ष्म कण सोडते, आणि ते शेजाऱ्यांच्या छातीत जातात. माँट्रियाल शहराने यावर समंजस तोडगा काढला आहे. ऑक्टोबर २०१८ पासून तिथे तासाला २.५ ग्रॅमहून अधिक कण सोडणाऱ्या शेगड्यांना बंदी आहे. मात्र वीज तीन तासांहून अधिक काळ गेली, तर कोणतीही शेगडी पेटवण्याची मुभा आहे.