कोपऱ्यातल्या कपाटाचं दुमडतं दार

काटकोनी ओट्याखालचा कोपरा म्हणजे अडगळच! बोरी अरबला आम्ही तिथे दोन फळ्यांचं दुमडतं दार करून घेतलं. सुताराने कडेला साधी बिजागरी ठोकली. ती जेमतेम ११० अंश उघडते, त्यामुळे दार सदा आडवं. हिसडे बसून स्क्रू निघाले, आणि एके दिवशी दार धाकटीच्या पायावर आलं.

मैत्रिणींनो, या दाराला बिजागऱ्या दोन प्रकारच्या लागतात. कपाटाच्या कडेला १६५ अंश उघडणारी, आणि फळ्यांच्या जोडाला १३५ अंशांची. मग दोन्ही फळ्या शेजारच्या कपाटाकडे वळतात, तोंड मोकळं राहतं. गावात न मिळाल्यास यवतमाळहून आधीच आणून ठेवा. मजुरी देण्यापूर्वी मागचा डबा स्वतः काढून पाहायला विसरू नका.