ईस्टरचं ताट: आधी उपवास, मग सुगी

सिंदफणेच्या काठी, माजलगावच्या शिवारात रब्बीचा गहू निघाला की तो भिजवून, कांडून गूळ घातलेली खीर शिजते. इटलीतल्या नेपल्समध्ये ईस्टरला होणाऱ्या गोडाचा जीवही अख्खा गहूच आहे. त्याला म्हणतात ‘पास्तिएरा’. दुधात शिजवलेल्या गव्हात ताजं मऊ चीज, अंडी, साखर आणि संत्र्याच्या फुलांचं पाणी घालायचं आणि पिठाच्या पारीत भरून ते भट्टीत भाजायचं.

येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा हा सण चंद्रावर ठरतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, हा त्याचा ढोबळ नियम. ईस्टरआधी राखेच्या बुधवारपासून रविवार वगळून चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. ज्यांच्या शेजारी रमजानचे रोजे आणि त्यानंतरचा शिरखुर्मा आहे, त्यांना ईस्टरच्या जेवणामागचं कारण वेगळं सांगावं लागत नाही.

अंड्याचा मान याच उपवासातून आला. मध्ययुगीन युरोपात उपवासकाळात मांसाबरोबर दूध-अंडीही वर्ज्य होती. कोंबड्यांचं अंडी घालणं मात्र थांबत नव्हतं. साठलेली अंडी ईस्टरला रंगवून वाटली जाऊ लागली. ग्रीसमध्ये ती लाल रंगवतात, गोड वेणीदार पावात खोवतात आणि एकमेकांच्या अंड्यावर आपटून कुणाचं टिकतं ते पाहतात. पोलंडमध्ये अंडी, पाव, मीठ आणि मांस टोपलीत घालून आदल्या शनिवारी चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात.

इथिओपियात उपवास सुमारे ५५ दिवसांचा आणि कडक असतो. तो सुटतो ‘डोरो वाट’ने: कांदा आणि तिखट मसाल्यात मुरलेली कोंबडी, त्यात उकडलेली अंडी, सोबत टेफ या बारीक धान्याची आंबवलेली ‘इंजेरा’. इक्वाडोरमध्ये ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात मका, भोपळा, कडधान्यं आणि खारवलेला मासा घालून ‘फानेस्का’ हे दाट सूप करतात. बारा शिष्यांच्या नावानं त्यात बारा धान्यं घालण्याची रीत आहे.

आपल्या महाराष्ट्रात हे ताट पाहायचं तर वसईला जावं. १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकेपर्यंत तिथे पोर्तुगीजांचा अंमल होता. तिथल्या अनेकांचा धर्म तेव्हा बदलला, पण भाषा आणि शेती मराठी मातीतलीच राहिली. वसई-मुंबई पट्ट्यातल्या ‘ईस्ट इंडियन’ म्हणवणाऱ्या ख्रिस्ती घरांत सणाला सोरपोतेल, इंद्याल हे मांसाचे पदार्थ आणि ‘फुगे’ हे तळलेले गोल पाव होतात. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, भाजून, कांडून बाटल्यांत ठासलेला ‘बॉटल मसाला’ त्यांच्या वर्षभराच्या रश्शाला चव देतो. मिरच्या वाळवण्याचं हे काम मराठवाड्यातल्या अंगणांनाही ठाऊक आहे.

याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. मराठवाड्यानं एका धर्मगुरूला तो मान दिला. आता त्यांच्या ख्रिस्ती समाजाचं स्वयंपाकघरही आपण ओळखून घ्यायला हवं. ओळखीचं कुणी ख्रिस्ती असेल तर येत्या ईस्टरला शुभेच्छा द्याच, पण त्यांनी कशाचा उपवास धरला होता आणि तो काय खाऊन सोडला, हेही आवर्जून विचारा.